दुसरी नळी

“दाव की रं आबाजी, कुठं फाडलंय?” मोहनरावांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं, आणि दारातली सारजा कान देऊन उभी राहिली.

काटेवाडीत आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस जखम बघितल्याशिवाय काही उठत नाही. तिच्या नवऱ्याने, आबाजीने, सदऱ्याची बटणं काढली. डाव्या छातीखाली बोटभर शिवण. बस्स!

“एवढंच?” मोहनराव हिरमुसले. “आमच्या जोतीरामाला गळ्यापास्नं बेंबीपतूर उभा चिरला हुता. त्येला म्हंत्यात बायपास! फशिवलं गड्या तुला.”

“दुखणंच बारकं असंल,” आबाजी म्हणाला. “आता कळ न्हाय, दम न्हाय. उद्या पुण्याला जायाचं काय कारणच न्हाय.”

अगं बाई! सारजाने दारातूनच ऐकलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. काळजाच्या दोन नळ्या तुंबल्यात. एकीला फासळ्यांमधून लहानसा छेद घेऊन, काळीज चालू ठेवूनच बाजूने नवी वाट जोडली. अठ्ठ्याण्णव साली ही तऱ्हा त्यांनाही नवीच होती. दुसरीत मांडीतून तार घालून फुगा फुगवायचा. ती तशीच राहिली तर पहिलीच्या भरवशावर बसू नका. तेव्हापासून नवरा नुसता खोकला तरी तिचा जीव टांगणीला लागे.

मोहनराव गेल्यावर ती त्याच्यापुढे उभी ठाकली.

“अवं, अर्धंच काम झालंय तुमचं.”

“झालं तेवढं बास.”

“बास कसं? मला हितं एकलीला मागं ठिवायचंय का?”

लोणी देवकरच्या कारखान्यात उंच टाकीवर चढून वेल्डिंग करणारा माणूस तो. आता जमिनीकडे बघत बसला.

“पयल्या येळंला भूल दिली हुती. काय कळलंच न्हाय. आता जागा ठिवणार हायेत. टीव्हीवर आपलंच काळीज हालताना दिसतं म्हणं. बंद पडलं तर आधी मलाच दिसंल की गं.”

सारजा भांडायला उभी राहिली होती. ती त्याच्याजवळ खाली बसली.

“मला बी लई भ्या वाटतंय,” ती म्हणाली. “तरी जायाचं.”

दुसऱ्या दिवशी बारामतीहून पहिली एसटी धरून ते पुण्याला पोचले. दुपारी त्याला स्ट्रेचरवरून आत नेताना त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

“बाहीरच ऱ्हा. अधनंमधनं हाक मार. ऐकू आलं म्हंजी कळंल, हाय मी अजून.”

दार लागलं. हाक मारायची, पण कशी? सगळा संसार ‘अवं’वर झालेला. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. आणि इथे त्या बोळात बायका आपापल्या माणसांना ‘अवं, अवं’च करत होत्या!

तिने डोक्यावर पदर ओढला, दाराच्या फटीला तोंड लावलं.

“आबाजी!” हाक निघाली ती सगळ्या बोळात घुमली. “आबाजी!”

नर्स धावत आली. “अहो बाई, ओरडताय काय?”

सारजाने वळूनही पाहिलं नाही. ती दाराला कान लावून उभी होती. आतून काहीच येईना. तिने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

“व्हय,” आतून कापरा आवाज आला. “हाय गं.”