गालातला अर्धा तास

डाव्या गालात दोन गोळ्या, उजव्या गालात दोन — आणि मेल्या जिभेला सारखी तिकडेच जायची खोड. चव अशी काही नाही, खडूसारखी. पण तृप्तीनं जीभ दाबून धरली होती, कारण सरकारी दवाखान्यातल्या सबिहा सिस्टरनी बजावलं होतं — अर्धा तास, गाल आणि हिरडीच्या मध्ये, चावायच्या नाहीत, मग उरलंसुरलं पाण्यासोबत गिळून टाकायचं. आता दहा वाजून पाच मिनिटं. दहा पस्तीसपर्यंत बोलणं बंद. बोलायचं तर डोंगराएवढं साचलंय, आणि बंद नेमकं आजच!

दारात शेजारच्या लालबी कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. एकटी राहू नको, हेही सिस्टरचंच. सोमवारी पहिली गोळी सिस्टरसमोरच गिळली — एकच, साध्या पाण्यानं — तिनं पोटातली वाढ थांबते; आजच्या चारांनी कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, गाठी पडतील, घाबरायचं नाही. मात्र तासाला दोन पॅड, असे सलग दोन तास भिजले, किंवा ताप उतरेना, तर सरळ दवाखाना गाठायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. "आणि नवऱ्याची सही?" तिनं विचारलं होतं. "तुझी बस आहे," सिस्टर म्हणाल्या. केवढं हलकं वाटलं तिला... आणि कुठंतरी खट्टूही. त्याची सही लागली असती तर तो आला असता, एवढंच.

निर्णय दोघांचाच. लेक प्रीती आत्ता कुठं अडीच वर्षांची, तृप्ती एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात, सोमेश्वर हैदराबादला क्रेनवर. इतक्यात दुसरं नको — फोनवर तो म्हणाला, तीही म्हणाली. मग सोमवारी त्यानं विचारलं, काय म्हणले डॉक्टर, आणि या बावळटीनं कागदाचा फोटोच धाडला. कागदावर ठसठशीत — सात आठवडे. फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यानं बघितला. त्यानंतर अवाक्षर नाही. दोनदा फोन लावला, उचलला नाही.

सोमेश्वर पाडव्याला आला होता, तीन दिवस. त्याला झाले पाच आठवडे. त्याआधी एकदम संक्रांतीला.

आकडा बघून तिनंही बोटांवर पाडव्यापासून मोजून पाहिलं होतं. सिस्टरना विचारलं तर त्या हसल्या. दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते धरायचेच, सगळ्यांचं असंच. अगं बाई... म्हणजे ज्या दोन आठवड्यांत ती नुसती त्याची वाट बघत होती — चादरी धुतल्या, त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली — तेही मोजले की यांनी! तिला ते फार बरोबर वाटलं. पण हे त्याला लिहायचं कसं? काल जेवणाच्या सुट्टीत तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. लिहिलं की खरं तेच सारवासारव दिसायला लागायचं.

फोन वाजला. दहा सत्तावीस. सोमेश्वर.

"हां, मी." मागे यंत्रांची घरघर. "ते सात लिहिलंय... मी पाडव्याला आल्तो, तृप्ते. तारखा मोजून राह्यलो परवापासून. सात कसे होतात मंग?"

"अं..." एवढंच निघालं. दीड दिवस ज्या आवाजासाठी जीव टांगणीला लागलेला, तो कानाशी आला आणि हिच्या तोंडाला कुलूप.

"बोल ना. बोलायचं न्हाई का?"

थुंकून टाकाव्यात? एका वाक्याचं तर काम... लालबींनी ओळखलं, पात टाकून हात पुढं केला. "ला इधर, मैं समझाती उसको. तू बात नको कर, गोली जाएगी."

तृप्तीनं फोन छातीशी धरला आणि मान हलवली. नको. का नको, ते तिलाही लगेच कळेना. लालबींनी दोन मिनिटांत निस्तरलं असतं, सोमेश्वर "बराबर, बराबर" म्हणाला असता, खजील झाला असता. आणि मग? सुटले, म्हणायचं? एवढा तारखा मोजून राह्यला, त्यात आजची तारीख कुठंय? बुधवारी चार गोळ्या घ्यायच्यात, हे मी तुला सांगितलेलं, सोमेश्वर. ते नाही मोजलंस.

फोन पुन्हा कानाला लावला. त्यानं कापला नव्हता. पलीकडं कुणीतरी त्याला कामासाठी हाका मारत होतं आणि तो जात नव्हता. त्याचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. किती लांब आहेस रे... आत्ता इथं असतास तर भांडला असतास तरी चाललं असतं, पण इथं असतास.

दहा पस्तीस. लालबींनी तांब्या पुढं केला. तिनं पाणी गिळलं, आणि ओटीपोटात पहिली कळ उठली.

"तृप्ते? हायेस ना?"

"हाये," ती म्हणाली.

शेवटची पाळी, पहिला दिवस, ते दोन आठवडे — सगळं ओळीनं तयार होतं. सांगायचं होतंच. पण आधी त्यानं विचारावं, दुखतंय का... एवढं एकदा विचार, मग सगळं सांगते. तिनं भिंतीला पाठ टेकली, फोन कानाशी घट्ट धरला आणि वाट बघत बसली.