काळी चारपासून खाली

मित्रांनो, जरा लांबूनच बसा. माझ्या भात्याचं चामडं कडक झालंय आणि कुणी उगाच बोटं मारलेली मला खपत नाहीत. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत, केवळरामच्या घरात, तेंदूपानांच्या सुपाशेजारी मला ठेवलेलं असतं. जन्मभर मी गाणीच वाजवली, पण आज सांगणार आहे ती गोष्ट गोड नाही. गोड ऐकायचं असेल त्यांनी खुशाल उठून जावं, मला राग नाही.

गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला त्या साली, म्हणजे १९९९ साली, मी गोंदियाच्या बाजारात एका दुकानात विकायला होते. अंग सागाचं, आतले सूर पितळेचे. ज्या कारागिराने मला बनवलं तो तिरसट होता, पण एकेक सूर कानाशी धरून त्याने घासला होता. बाकीच्या पेट्यांसारखी मी चकचकीत नव्हते, म्हणून बरेच दिवस पडून होते. मग केवळराम आला. पावसाळाभर राईस मिलमध्ये पोती उचलणारा माणूस. त्याने सगळ्या पेट्या वाजवून पाहिल्या आणि मला खांद्यावर घेऊन चालत घरी आणलं.

त्याची बायको रुक्माबाई विड्या वळत बसली होती. मला पाहताच ती कडाडली, "हे कायले आनलं? पोटाले लागते का हे?"

"पोरगी गाऊन राहिली दिवसभर," केवळराम म्हणाला. "तिले सूर नोको का?"

पोरगी म्हणजे रंजिता. तेव्हा पाच वर्षांची. विहारात बायका गीतं म्हणायच्या, ती सगळी हिला पाठ. पहिल्या दिवशी तिने माझ्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या आणि मी जी किंचाळले, की रुक्माबाईच्या हातातली विडी सुटली. मग तिघंही हसली. त्या हसण्यावरच मी त्यांची झाले, खोटं कशाला सांगू?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाणारा माणूस माझ्या ज्या पट्टीला आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. आवाज उंच असेल तर पट्टी उजवीकडे, खालचा असेल तर डावीकडे. रंजिता सोळा वर्षांची झाली तेव्हा तिची पट्टी ठरली, काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी. चांगली उंच. आणि तिथून ती तारसप्तकात अशी जायची की ऐकणाऱ्याने हातातला घास तसाच धरून ठेवावा.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव संगीत नाटकं होतात. मंडप पडतो, लेकी-जावई येतात, सारं गाव लोटतं. भैयाजींची नाटक कंपनी होती. केवळराम तिथे पेटीवर बसायचा, म्हणजे माझ्यावर. पुढे रंजिताही कंपनीत आली आणि नायिका झाली. आमची एक रीत आहे. गाणं आवडलं की कुणीतरी उठून बक्षीस देतो आणि 'वन्समोअर' म्हणतो. मग गाणं पहिल्यापासून म्हणायचं. तीनदा मागितलं तर तीनदा. नाही म्हणायचं नसतं. रंजिताने कधी 'नाही' म्हटलं नाही.

केवळरामची दुसरी रीत होती, साथीदाराची. गाणाऱ्याची फजिती होऊ द्यायची नाही. दम कमी पडला की ती जागा पेटीने भरायची, सूर डळमळला की त्याच्या आधी आपण पोचायचं. तो यात इतका तरबेज होता की चूक झाली हे फक्त त्याला आणि मला कळायचं. त्याची ही हुशारीच पुढे नडली. पण तेव्हा मला तिचा केवढा अभिमान होता!

२०१७च्या हंगामात योगेश्वरी आली. केवळराम ज्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा, त्या मिलच्या मालकाची ही मुलगी. नागपूरला शिकलेली, दिसायला देखणी, आणि फोनवर तिचे दोन लाख फॉलोअर्स. ती आरशासमोर केस विंचरायची तरी हजारो लोक पाहायचे. भैयाजींच्या डोळ्यांपुढे मंडपच मंडप उभे राहिले. पोस्टरवर तिचा फोटो एवढा मोठा छापला की बाकी सगळ्यांची नावं खाली मुंग्यांसारखी झाली. नायिका ती. रंजिता नाटकात तिची मोठी बहीण.

एकच अडचण होती. योगेश्वरीला गाता येत नव्हतं. आधी टेप लावून पाहिली. पहिल्याच गावात लोक ओरडले, "टेप बंद करा! घरी रेडिओ नाई का आमच्या?" मग भैयाजींनी रंजिताला बाजूला घेतलं. मी तिथेच होते.

"तू आतून म्हन बेटा. पडद्यामागं माईक देतो. योगेश्वरी समोर ओठ हालवन. एकाच सीजनची बात आहे. पुढच्या साली पोस्टरवर तुहा फोटो, भैयाजीची जबान आहे."

"माही गानी आहेत ना मले," रंजिता म्हणाली. "दोघींची कशी म्हनू?"

"अरे, तू प्रोफेशनल आहेस!" भैयाजी म्हणाले. तो शब्द त्यांनी नुकताच उचलला होता.

रंजिताने बापाकडे पाहिलं. केवळरामने माझा भाता उगाच बंद केला आणि उघडला. मिलचा मालक, कंपनीचा मालक, आणि मधे तो. पुढच्या गावापासून रंजिता दोघींची गाणी म्हणू लागली.

योगेश्वरी वाईट नव्हती. तसं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती रंजिताला ताई म्हणायची, संत्री आणायची, एकदा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्यासारखा आवाज मिळाला असता ना, मला दुसरं काहीच नको होतं." आणि ते खरं होतं. फक्त आवाज रोज खर्च होतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरी सगळं संपायच्या आधी भरलेलं असायचं. ती गाडीतून तालमीला दोन तास उशिरा आली की भैयाजी म्हणायचे, बिझी असते पोरगी. रंजिता पडद्याच्या गाठोड्यांवर बसून टेम्पोतून यायची आणि वेळेच्या आधी हजर असायची. तिने एक दिवस सुट्टी मागितली तर भैयाजी म्हणाले, आता हिलेही नखरे सुचून राहिले.

मग योगेश्वरीने एका गाण्याचा व्हिडिओ टाकला. चेहरा तिचा, गळा रंजिताचा. वर लिहिलं होतं, 'माझं नवीन गाणं.' लोकांनी नुसता पाऊस पाडला. 'काय आवाज आहे ताई!' 'देवाची देणगी!' रंजिताने त्याला अंगठा दाबला. कंपनीतल्या सगळ्यांनी दाबायचा, असा भैयाजींचा हुकूमच होता.

पौषात केवळरामने पहिल्यांदा पट्टी उतरवली. काळी चार सोडून त्याचं बोट पांढरी पाचवर आलं. एकच पट्टी खाली. रंजिताने वळून पाहिलं, त्याने मान हलवली, ती गायली. कुणाला कळलं नाही. मला कळलं. सात वर्षं ज्या पट्टीवर ते बोट बसत होतं ती जागा मोकळी राहिली.

पंधरा दिवसांनी बोट काळी तीनवर आलं.

आता सकाळी तिचा आवाज दारासारखा करकरायचा. रुक्माबाई गरम पाणी द्यायची, हळद द्यायची आणि नवऱ्याला टोचायची. "काऊन, मेल्यावर थांबवसान का पोरीले?"

शेवटी एका सोमवारी केवळराम तिला गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेला. घरी आल्यावर त्याने रुक्माबाईला सांगितलं, "गाठी आल्या म्हनते गळ्यात. दोन महिने गाना बंद, बोलनाही बंद. नाई तर आवाज जाईन म्हनते. वापस येत नाई म्हनते मग."

दोन महिने म्हणजे होळीच्या पार. भैयाजींकडे केवळराम गेला, तेव्हा मी सोबत नव्हते, पण परत आल्यावर त्याने जे केलं ते मी पाहिलं. तो माझ्यासमोर बसला आणि सगळी गाणी पांढरी चारवर बसवू लागला. आणखी एक पट्टी खाली. भैयाजींनी बारा प्रयोग उरले म्हणून हात जोडले होते, आणि मिलच्या मालकाच्या मुलीची गावभर शोभा करशील का, असंही विचारलं होतं. केवळरामला वाटलं, गाणं खाली उतरवलं की लेकीचा गळा वाचेल. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, गाणं थांबवायचं नाही.

मी काय केलं? मी त्याला पांढरी चार दिली. मागितली, दिली.

इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात प्रयोग होता. योगेश्वरीने फोनवरून सगळ्यांना यायचं आवतन दिलं होतं, म्हणून मंडपाबाहेरही माणसं उभी होती. मी मंचासमोर खाली, केवळरामच्या मांडीपुढे. पडद्याच्या खालच्या फटीतून मला रंजिताची पावलं तेवढी दिसायची. गाताना ती उजव्या पायाच्या अंगठ्याने ताल धरायची. त्या दिवशी दोन्ही पावलं जमिनीला घट्ट चिकटली होती. तबलजी संघदीप केवळरामच्या कानात म्हणाला, "काका, पोरगी ठीक नाई वाटून राहिली." केवळराम म्हणाला, "आजचा होऊन जाऊ दे."

नायिकेचं मोठं गाणं आलं. संपलं. टाळ्यांनी मंडप हलला. वन्समोअर. पुन्हा संपलं. पुन्हा वन्समोअर. समोर शेकडो फोन उंचावलेले. केवळरामने आपण होऊन आणखी एक पट्टी उतरवली. तिसऱ्यांदा गाणं वर चढलं आणि तिथे आवाज फाटला. नुसती हवा आली. केवळराम झटकन त्या सुरावर पोचला, मी घसा फोडून वाजले, पण भरायचं कशाला? मागे गाणंच नव्हतं.

मंचावर योगेश्वरीचे ओठ दोन ओळी तसेच हलत राहिले. मला वाटलं, संपलं, आता कळलं सगळ्यांना. अगदी खरं सांगते, मला बरं वाटलं. आता तरी थांबेल.

योगेश्वरीने गळा धरला. ती खोकली, हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माफ करा. तीन दिवसांपासून माझा घसा बसलाय. डॉक्टरांनी मनाई केली होती, तरी तुमच्यासाठी आले."

काय टाळ्या पडल्या, मित्रांनो! म्हाताऱ्या बायांनी जागेवरूनच बोटं मोडून तिची दृष्ट काढली. "काय हिंमतीची पोरगी आहे गा!" लोक उभे राहिले. पडद्याच्या फटीत मला आता पावलं दिसत नव्हती, जमिनीवर टेकलेला एक तळहात दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दोन लाख माणसांना काळजी लागली. कुणी आल्याचा रस सांगितला, कुणी ज्येष्ठमध, कुणी नवस बोलले. एकाने लिहिलं, 'याला म्हणतात प्रोफेशनल.' राईस मिलवर मधाच्या बाटल्या येऊन पडल्या. भैयाजींनी केवळरामला निरोप धाडला की ऐन वेळी दगा दिला, अशा माणसांचा भरवसा नाही, पुढच्या सीजनले येऊ नका.

आठ दिवसांनी योगेश्वरीचा ड्रायव्हर मुर्रीत आला. तिने मनापासून एक मधाची बाटली पाठवली होती. बाटलीला कुणा चाहत्याची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. रुक्माबाईला वाचता येत नाही, म्हणून रंजितानेच ती वाचली. मोठ्याने नाही, तेवढा आवाज उरलाच नव्हता. 'योगेश्वरी ताई, तुमचा गळा आमचा प्राण आहे. जपा.' तिने चिठ्ठी घडी घालून आईच्या सुपात ठेवली आणि विड्या वळायला बसली.

आता ती बोलते ते शेजारी बसलेल्याला कसंबसं ऐकू येतं. दोन महिने गप्प राहून झाले, सहा महिने झाले, गोंदिया-नागपूरचे डॉक्टर झाले. एका दुपारी केवळरामने मला पुढे ओढलं आणि काळी चार दाबून धरली. रंजिताने तोंड उघडलं. काही नाही. तो एक पट्टी खाली आला. मग आणखी एक. एकेका पट्टीवर थांबत, लेकीकडे बघत, तो डावीकडे सरकत गेला. खर्जाची शेवटची पट्टी झाली आणि त्याचं बोट पुढे लाकडावर पडलं. तिने ते बोट हळूच उचललं आणि माझा भाता बंद केला.

मला लोक चांगली पेटी म्हणत. कधी अडली नाही, कधी चिकटली नाही. त्या मंडपात मी एकदा जरी अडले असते, भाता फाडून घेतला असता, तर प्रयोग बंद पडला असता आणि पोरीचा गळा वाचला असता. मला शिव्या बसल्या असत्या, एवढंच. ते मी केलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

तुमच्या घरात, शाळेत, तालमीत असं एखादं माणूस असेल, जे कशालाच नाही म्हणत नाही. आज घरी गेल्यावर त्याला विचारा, दुखतंय का. ते म्हणेल, नाही. मित्रांनो, त्याचं ऐकू नका.