शंकूत ज्वारी

“सर, डोंगर किती उंच आहे हे तुम्ही पायथ्यापासून चढ मोजत काढता का हो?”

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती, रूपानं आणि करुणानं. “तनू, तू तर बोलूच शकणार नाहीस,” असं रूपा म्हणाली आणि मी उभीच राहिले. मागच्या वर्षीची मी असते तर बाकाखाली शिरले असते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या क्लासमध्ये चाळीस पोरं बसतात. सगळी खिदळली. सर फळ्याकडून वळले.

“काय गं, सहलीला चाललीस का?”

“नाही सर. चाचणीतल्या शंकूबद्दल विचारतेय.”

त्या शंकूची त्रिज्या सात दिली होती, तिरकस उंची पंचवीस, आणि काढायचं होतं घनफळ. आता घनफळाला उतारावरची लांबी चालत नाही. टोकापासून तळाच्या मध्यापर्यंतची सरळ उंची लागते, आणि ती कुठं दिलेलीच नव्हती. आधी ती शोधायची! मी पायथागोरस लावून शोधली, चोवीस आली. उत्तर १२३२. त्यावर सरांनी ही एवढी लाल फुली मारली, कारण त्यांच्या छापील उत्तरसूचीत होतं १२८३.३३. उंचीच्या जागी थेट पंचवीस ठोकून दिलेले! क्लासची रीतच तशी आहे: “शंकू दिसला की सूत्र लिहा, दिलेले आकडे भरा, पुढचं गणित घ्या.”

त्या तीन मार्कांपायी मी अ बॅचमधून ब बॅचला गेले. अ बॅचला सर स्वतः शिकवतात. ब बॅचला त्या दिवशी जो रिकामा असेल तो. फक्त चाचणीनंतर काही दिवस पेपर समजावायला सर दोन्ही बॅच एकत्र बसवतात. आणि रूपा १२८३.३३ लिहून अ बॅचमध्ये! “मला लाज वाटायलीय गं,” ती म्हणत होती. तिला लाज वाटते, आणि ज्यांना वाटायला पाहिजे ते खुशाल!

“सूची चार वर्षं चालतीय,” सर म्हणाले. “इतक्या पोरांना दिसलं नाही, तुलाच दिसलं?”

“हो.”

“मग दाखव सिद्ध करून.”

दुसऱ्या दिवशी मी मुकुंदवाडीच्या घरून तीन-चार किलो ज्वारी घेऊन निघाले. आई म्हणाली, “क्लासला चाललीस का दळण टाकायला?” रात्रभर कार्डशीट चिकटवून मी दोन वस्तू केल्या होत्या. एक तसाच्या तसा शंकू, आणि सात त्रिज्येचा, बरोब्बर पंचवीस सेंटिमीटर उंच डबा. सरांचं उत्तर खरं असेल तर तीन शंकू ओतल्यावर डबा काठोकाठ भरेल. माझं खरं असेल तर एक सेंटिमीटर रिकामा राहील.

क्लास सुटल्यावर करुणानं डबा धरला, मी ओतलं. एक. दोन. तीन. रूपानं पट्टी लावली.

“सर, एक सेंटिमीटर.”

“दाणे दबले असतील.”

“मग शंकूत पण दबले असतील ना सर! तिथं काय फुगून बसले होते?”

करुणा फिसकन हसली. सरांनी त्या दोघींना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला.

“हे बघ, हुशार आहेस तू. तुझे तीन मार्क देतो. उद्यापासून अ बॅचला बस. फक्त हे बाहेर बोलू नकोस. सगळ्या बॅचच्या वह्यांत तेच उतरवलंय, नाव खराब होतं.”

“पण मग बाकीचे बोर्डात पण पंचवीसच लिहितील की!”

“त्यांचं ते बघतील.”

 त्यांचं ते बघतील? चूक कुणाचीही होते, माझी तर रोज होते. पण चूक कळल्यावर ती चाळीस पोरांच्या वहीत तशीच ठेवायची, आणि वर मला गप्प बसायचं बक्षीस द्यायचं?

घरी पोचले तर सरांचा फोन आधीच येऊन गेलेला. आईनं शेजारच्या मुक्ताबाईंना सांगूनही टाकलं होतं, “आमची तनू अ बॅचला गेली!” बाबा वाळूजच्या कंपनीत लेथवर मापाचे लोखंडी भाग कापतात. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा घास हातातच राहिला.

“तिरकं माप सरळ धरलं?” ते म्हणाले. “आमच्याकडं असा जॉब भंगारात टाकत्यात.”

“ते व्हय,” आई म्हणाली, “पण दहावीचं वर्ष हाय. मिळालंय तर गपगुमान बस ना. तुझं तर बरोबर आलं की नाय?”

“माझं आलं गं. बाकीच्यांचं काय?”

  मी घटाघट पाणी प्यायले.

“आई, बाबा, मी अ बॅचला बसणार नाही. उद्या भर वर्गात फळ्यावर ते गणित बरोबर सोडवून दाखवणार, सगळ्यांना वहीत दुरुस्त करायला लावणार. त्यावर सरांनी मला क्लासमधून काढलं तर काढू द्या. बोर्डाचं गणित मी घरी बसून करीन.”