दाराकडे तोंड

आवरून टाकलेल्या घरांतलं जुनं सामान विकत घेऊन आजोबांनी दुकान उभं केलं, तेव्हाच एक रीत घालून दिली. विकायची नाही ती वस्तू भिंतीकडे तोंड करून ठेवायची. पाठमोऱ्या वस्तूचा भाव सांगायचा नाही, आणि दाराकडे तोंड असलेलीचा एकदा सांगितला की शब्द फिरवायचा नाही. वडिलांनी आणि काकांनी ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळली.

वडील गेले आणि त्यांची वेताची खुर्ची रिकामी झाली. मुलगी ती फिरवायला उठली होती. पण बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवायचं? शिक्षा झालेल्या पोरासारखं? हात धजला नाही.

कारण दुपारी रस्ता निवांत झाला की खुर्चीचा वेत करकरायचा. कुणी पाय लांबवून रेलावं तसा.

"हवा फिरली की वेत कुरकुरतोच," काका म्हणायचे, आणि खुर्चीला वळसा घालून जायचे. ती मात्र हातातलं काम ठेवून त्या आवाजाची वाट पाहायची. तेवढाच आधार उरला होता.

एके दिवशी मागच्या खोलीत पॉलिशचा हात मारून ती बाहेर आली, तर काका खुर्चीला दोरी बांधत होते. गिऱ्हाईक पत्ता देऊन गेलं होतं. टेम्पो दारात उभा.

"काका, ती बाबांची आहे!"

"अगं, तोंड दाराकडे होतं. मला वाटलं, तूच मन घट्ट केलंस." त्यांचा चेहरा उतरला. "शब्द देऊन बसलो गं. तू म्हणशील तर मोडतो."

बाबा असते तर जागचे न हलता म्हणाले असते, 'मोडा की! आधी दुकानाची पाटी उतरवा.'

"नको," ती म्हणाली. "धरा त्या बाजूने."

"जड कशी झाली ही?" काका पुटपुटले. दोघांनी खुर्ची टेम्पोत चढवली.

फळी लावता लावता ड्रायव्हर थबकला. "अहो, या म्हाताऱ्या बाबांना मागे कशाला? पुढे घ्या की. हाडं खिळखिळी होतील त्यांची."

काकांनी डोळे मिटले. ती खुर्चीकडे पाहत राहिली. तिला रिकामीच दिसत होती.

"हट्टी आहेत, ऐकायचे नाहीत," ती म्हणाली. "जरा सावकाश न्या."