38 च्या पुढचा १

मी एक जुना तक्ता आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्यावर छापलेल्या देशांपैकी चार आता कुठेच नाहीत, आणि मी अजून भिंतीवर आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. खिळा चांगला निघाला.

मित्रांनो, आधी माझं काम काय ते सांगतो, कारण हल्ली ते कुणाला लागत नाही. ज्याचं काम कुणाला लागत नाही त्याच्याकडे सांगायला पुष्कळ असतं, हे तुम्ही घरातल्या निवृत्त मंडळींवरून ओळखलं असेलच.

परदेशी फोन करायचा तर आधी त्या देशाचा अंक दाबावा लागतो. कुणाचा एक आकडी, कुणाचा दोन आकडी, कुणाचा तीन. पहिल्या आकड्यावरून जगाची साधारण दिशा कळते. मोठ्या देशांनी आधी येऊन छोटे अंक धरले, रुमाल टाकून जागा धरावी तसे. धाकट्यांच्या वाट्याला तीन आकडी अंक आले. वीसेक देश आणि बेटं तर एकाच आकड्यात एकत्र कुटुंबासारखी नांदतात, आणि त्यांची भांडणं माझ्यापर्यंत तरी आलेली नाहीत. नंबराच्या आधी जी अधिकची खूण असते ती बेरजेची नाही. 'तुमच्या देशातून बाहेर पडायला जे काही दाबतात ते आधी दाबा', एवढाच तिचा अर्थ. हे मी हजारो माणसांना न बोलता समजावलं. निम्म्यांनी बेरीज केली.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, वर-खाली लाकडी पट्टी, निळी चौकट. पहिल्या रकान्यात देश, दुसऱ्यात फोनचा अंक, तिसऱ्यात त्या देशाच्या चलनाची तीन अक्षरं. त्या तिनांतली पहिली दोन बहुधा देशाची असतात आणि तिसरं नाण्याच्या नावाचं. मुद्रितशोधकाला त्या दिवशी सर्दी झाली होती. त्याने सगळं जग एका बैठकीत तपासलं, दोनदा शिंकला आणि म्हणाला, "चालेल." जगाविषयी इतकं मोजकं मत मी पुन्हा ऐकलं नाही.

मला विकत घेतलं ते फोनच्या दुकानाच्या मालकाने. दुकान म्हणजे एक खोली, एक टेबल, आणि काचेचं दार असलेलं खोपटं. दिवसभर तो लोकांच्या वतीने "हॅलो, हॅलो" करायचा, म्हणून गल्लीत त्याचं नाव हॅलोभाऊ पडलं. त्याच्या बायकोलाही त्याचं खरं नाव आठवायला जरा वेळ लागे.

ते माझे सुखाचे दिवस. माणसं माझ्यासमोर उभी राहत, बोट टेकवत आणि ओठ हलवत अंक पाठ करत खोपट्यात शिरत. ज्या देशांत आमच्या गल्लीतली पुष्कळ माणसं गेली होती त्यांची नावं बोटांनी पुसट झाली. जिथे कुणीच गेलं नव्हतं ते देश अजून कोरे करकरीत आहेत. कौतुकाने माणूस झिजतो म्हणतात, ते मी अंगावर पाहिलं.

मग देश बदलायला लागले. कुणी जोडला गेला, कुणी नाव बदललं. कुणाच्या नोटेवर शून्यांची गर्दी झाली, तेव्हा सरकारने शून्यं खोडली आणि चलनाची अक्षरंही नवी घेतली. पुढे दुकानात संगणक आला. हॅलोभाऊने माझ्या उजव्या काठावर हाताने चौथा रकाना आखला, त्यात प्रत्येक देशाची इंटरनेटवरची दोन अक्षरी शेपटी. एका चिमुकल्या बेटाची शेपटी नेमकी टीव्हीच्या अक्षरांसारखी निघाली. बेटाने ती जगाला भाड्याने दिली आणि चार पैसे कमावले. एका डोंगराळ देशाची अक्षरं त्याच्या रोजच्या नावात सापडतच नाहीत, ती त्याच्या लॅटिन नावातून आली आहेत. घरात बंड्या आणि शाळेत भलतंच, तसं. एकदा बरेच देश मिळून एकच चलन वापरू लागले. त्या दिवशी हॅलोभाऊने मला इतक्या पट्ट्या चिकटवल्या की मी अपघातातून उठल्यासारखा दिसायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना मला अजून थकवा येतो.

एक देश फुटला. घर फुटावं तसे त्याचे तुकडे झाले. जुन्या घराचा अंक माझ्यावर इंग्रजी आकड्यांत छापलेला होता, 38. वाटणीत प्रत्येक भावाला 38 च्या पुढे एकेक आकडा मिळाला. हॅलोभाऊने खाली बाकीच्या भावांच्या पट्ट्या चिकटवल्या. थोरल्या भावाच्या ओळीपर्यंत आला तेव्हा डिंक संपला होता. म्हणून छापील 38 च्या पुढे त्याने पेनाने नुसता एक काढला. आपला, मराठी १.

पाहा बरं नीट. 38१. शेजारी सगळे इंग्रजी आकडे असले की आपला १ अगदी इंग्रजी 9 सारखा दिसतो. हॅलोभाऊला ठाऊक होतं तो एक आहे. मलाही ठाऊक होतं. पण आम्हा दोघांत बोलता येत होतं ते त्याला एकट्याला.

त्या देशात आमच्या किल्लीवाल्याची ताई होती. किल्लीवाला म्हणजे कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारा. गल्लीतलं कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडणार, स्वतःचं तोंड मात्र नाही. आई गेली आणि महिन्याच्या आत ताई परदेशी शिवणकामाच्या कारखान्यात निघाली. "आई जाऊन महिना नाही झाला आणि तू चाललीस?" एवढं तो बोलला. पुढे अकरा वर्षं काही बोलला नाही. ताईची पत्रं यायची. तो वाचायचा, घडी घालायचा आणि किल्ल्यांच्या डब्यात ठेवायचा.

मग एक पत्र आलं. गुरुवारी पोटाचं ऑपरेशन आहे, साडेअकरा वाजता आत नेतील. डॉक्टर फार बोलत नाहीत, म्हणजे तुझ्यासारखेच आहेत. त्याआधी एकदा तुझा आवाज ऐकायचाय. खाली वॉर्डातल्या फोनचा नंबर, देशाचा अंक सोडून. तिथले साडेअकरा म्हणजे आपले दुपारचे तीन.

गुरुवारी दोन वाजता किल्लीवाला दुकानात आला. हॅलोभाऊ नव्हता, दाढा काढायला गेला होता. टेबलाशी बसले होते त्याचे सासरे, निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर पत्ते वाचलेला माणूस. आपलं वाचन चुकू शकतं ही शक्यता त्यांनी निवृत्तीच्या आधीच निकालात काढली होती.

"मास्तर, हा फोन लावायचाय. तीनच्या आत."

"तीनच्या आत काय, तीन मिनिटांत लावतो." मास्तरांनी चष्मा पुसला आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचं बोट बरोबर ओळीवर आलं. "तीनशे एकोणनव्वद."

मला घाम फुटता तर शाई ओघळली असती.

गंमत अशी की 389 हा अंक खोटा नव्हता. तो त्याच फुटलेल्या घरातल्या दुसऱ्या भावाचा. त्यामुळे फोन लागला. पलीकडे एक बाई तिच्या भाषेत बोलली. किल्लीवाला खोपट्यात ताठ उभा राहिला. "ताई आहे का? ताई." बाईने ठेवून दिला.

"पुन्हा लावतो," मास्तर म्हणाले. "परदेशात एकदा लावून भागत नाही."

पुन्हा तीच बाई. या वेळी ती मोठ्याने बोलली. किल्लीवाल्यानेही मोठ्याने ताईचं नाव सांगितलं, एकेक अक्षर तोडून. तिसऱ्या वेळी बाईने कुणा पुरुषाला बोलावलं. त्याने खोकून घसा साफ केला आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. सूर भांडणाचा नव्हता.

अडीच वाजले. किल्लीवाला बाकावर बसला आणि पत्र उलटसुलट पाहू लागला.

"नंबर चुकीचा दिलाय तिने."

"मुद्दाम?" मास्तरांनी विचारलं.

"अकरा वर्षं मी काय केलं मग? तिनेही एकदा करून पाहिलं असेल."

"असं डोक्यात घेऊ नका हो. ऑपरेशनच्या घाईत आकडा इकडचा तिकडे होतो."

"मास्तर, ती शिंपीण आहे. तिचा टाका इकडचा तिकडे होत नाही."

तो उठला. मित्रांनो, मी भिंतीवर होतो, त्याच्यापासून चार हातांवर. खरा अंक माझ्या अंगावर होता आणि माणूस तो घेतल्याशिवाय चालला होता. वाऱ्याने मी जरा हललो. मास्तरांनी उठून पंखा बंद केला.

तेवढ्यात दारात हॅलोभाऊ आला. दोन्ही गालांत कापूस, जबडा सुजलेला, डॉक्टरने तासभर बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. आयुष्यात प्रथमच तो हॅलो न म्हणता दुकानात शिरला.

"जावईबापू, तुमचा तो देश काही बरोबर नाही," मास्तर म्हणाले. "तीनशे एकोणनव्वद लावला, भलतीच बाई."

हॅलोभाऊचे डोळे मोठे झाले. त्याने मान हलवली आणि एक बोट वर केलं.

"एक मिनिट थांबा म्हणतोय," मास्तरांनी किल्लीवाल्याला सांगितलं.

हॅलोभाऊने पुन्हा मान हलवली, बोट आणखी वर केलं.

"एक दाढ काढली? दोन सांगितल्या होत्या ना?"

हॅलोभाऊने टेबलावरचा कागद ओढला आणि मोठ्ठा आकडा काढून सासऱ्यांपुढे धरला. सवयीने त्याने काढला तो पुन्हा १.

"नऊच तर लावलाय," मास्तर म्हणाले.

घड्याळात पावणेतीन. हॅलोभाऊने कपाळावर हात मारला, मग मास्तरांना खांद्यांना धरून अलगद बाजूला केलं. सासऱ्याला हात लावायची त्याची ती पहिलीच वेळ असावी. पत्र पुढ्यात घेऊन त्याने स्वतः बटणं दाबली. तीन, आठ, एक, आणि पुढचे सगळे. मग रिसीव्हर किल्लीवाल्याच्या हातात दिला.

परिचारिकेने उचलला, पावलं वाजली, चाकांचं काहीतरी करकरलं. मग ताईचा आवाज, इतका स्पष्ट की खोपट्याचं दार बंद असूनही मला ऐकू आला.

"कोण?"

किल्लीवाला गप्प.

"तूच आहेस. इतकं गप्प दुसरं कुणी राहत नाही."

"ताई," तो म्हणाला. "उशीर झाला."

"दहा मिनिटं आहेत अजून. रडू नकोस, खर्चाचा फोन आहे. जेवलास का?"

"हो."

"खोटं बोलतोस."

"हो."

मास्तर माझ्याजवळ आले. नाक माझ्या कागदाला टेकेपर्यंत वाकून त्यांनी तो आकडा पाहिला. "हा एक आहे होय," ते स्वतःशीच म्हणाले. खिशातून तांबडं पेन काढून त्यांनी शेजारी अक्षरांत 'एक' लिहिलं आणि खाली सही केली. पोस्टाची सवय.

ताई वाचली. पुढच्या गुरुवारी किल्लीवाला आला, त्याच्या पुढच्याही. सहा वर्षं गुरुवारी दुपारी खोपटं त्याचं असे. मग मोबाइल आले. त्याच्या मोबाइलमध्ये 'ताई' असं नाव आहे. ते दाबलं की लागतो. मला कशाला कोण विचारतंय. हॅलोभाऊ आता झेरॉक्स काढतो. खोपट्यात कागदांचे गठ्ठे आहेत, आणि माझ्या अर्ध्या अंगावर त्यांची सावली.

गेल्या महिन्यात मात्र किल्लीवाला दुकानात आला. मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला होता.

"हॅलोभाऊ, तुझा फोन दे जरा. गुरुवार आहे."

"नंबर आहे कुठे? तो बुडाला ना बादलीत."

किल्लीवाल्याने फोन हातात घेतला आणि एका दमात पाढा म्हणावा तसा म्हणाला, तीन आठ एक, आणि पुढचा अख्खा नंबर. माझ्याकडे मान वळवून पाहिलंही नाही. मास्तरांची तांबडी सही माझ्या अंगावर अजून आहे. तिचीही त्याला गरज लागली नाही. तक्त्याला याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या माणसांपैकी एका तरी माणसाचा नंबर देशाच्या अंकासकट पाठ करा. यंत्राच्या नाही, तुमच्या डोक्यात ठेवा. कुणासाठी लिहून ठेवायचा असेल, तर शेजारी अक्षरांतही लिहा. तो पाठ झाला की मला भिंतीवरून खुशाल उतरवा. सगळं जग अंगावर घेऊन मी फार वर्षं लटकलो आहे. जरा गुंडाळून पडायला मला आवडेल.