मावशींची ओळ

"दादा, माझं पान उघडत नाहीये. बघता का जरा?"

फोनवर मावशी होत्या. कंपनीतल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर; साहेब सोडले तर सगळे त्यांना मावशीच म्हणत. दादांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. मावशींची ओळ त्यांनीच पाऊण तासापूर्वी काढून टाकली होती.

दादा कंपनीचे सर्व्हर सांभाळत. प्रणाली एकच, पण तिच्यावर तीस जण काम करायचे, म्हणून प्रत्येकाची वेगळी प्रत चालू असे. ब्राउझरमधल्या पत्त्यात ज्याचं नाव, त्याच्या प्रतीकडे येणारी विनंती वळवायची, एवढंच सगळ्यांत पुढच्या सर्व्हरचं काम. कुणाचं कुठे वळवायचं ते एका फाइलीत लिहिलेलं असे, माणशी एक ओळ. ती फाइल दादांनी एकोणीस वर्षं जपली होती. आज सकाळी साहेबांनी नऊ नावं पाठवली. "यांच्या ओळी दहाच्या आत काढा. त्यांना मी अकराला सांगतो. तोवर चकार शब्द नको."

"दादा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. एवढी घाई कसली?"

"अहो, अकराला साहेबांनी बोलावलंय. तीन आठवडे त्या बिघाडाच्या मागे होते, काल सापडला एकदाचा. चालवूनच दाखवते. नाहीतर पुन्हा म्हणतील, यांच्या हातून आता काम होत नाही."

सांगून टाकावं, असं दादांच्या अगदी ओठांवर आलं. पण बातमी कुठून फुटली हे साहेबांना कळायला वेळ लागला नसता. या वयात आपल्याला तरी दुसरीकडे कोण उभं करणार?

"पाच मिनिटं द्या," ते म्हणाले.

त्यांनी ओळ पुन्हा लिहिली, सर्व्हरला फाइल नव्याने वाचायला लावली.

"आलं बाई," मावशी म्हणाल्या. "तुम्ही आहात म्हणून निभतंय आमचं."

अकराला त्या लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर तोलत साहेबांच्या खोलीत गेल्या. सात मिनिटांत बाहेर आल्या, रिकाम्या हातांनी. सरळ दादांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला सकाळीच माहीत होतं."

दादांनी मान डोलावली.

"मग ओळ परत लावून कशाला दिलीत?"

"तुम्हाला दाखवायचं होतं ना."

"त्यांनी बघितलंच नाही हो. राजीनाम्यावर सही कुठे करायची तेवढं दाखवलं."

"मी सांगायला हवं होतं, मावशी."

मावशींनी त्यांच्या स्क्रीनकडे बोट केलं. म्हणाल्या, "काढून टाका आता. उगाच तुमच्यावर यायचं."

"काढतो नंतर."

"नंतर नको. मी आहे तोवर काढा."

दादांनी फाइल उघडली. मावशींनी चष्मा लावला आणि त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. दादांना अक्षरं नीट दिसेनात. कर्सर भलत्याच ओळीवर जाऊन थांबला.

"ती नव्हे," मावशी हळूच म्हणाल्या. "तिच्या वरची."