झेलायचं नाही

स्पर्धेआधी पोरांची प्रशिक्षक बिर्टे हिने आम्हा आईबापांना हॉलमध्ये ओळीने उभं करून एकच गोष्ट शिकवली होती. ट्रॅम्पोलिनवरून पोर बाहेर उडालं तर झेलायचं नाही. तळवे पसरायचे, कोपरं ताठ करायची आणि छातीवर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे हाणून त्याला परत जाळीच्या मध्यात ढकलायचं.

"वरून येणारं पोर तुमच्या हातात मावत नाही," ती म्हणाली होती. "झेलायला गेलात की तेही फरशीवर आणि तुम्हीही. ओठ फुटला तर फुटू दे, मान शाबूत राहील."

मग तिने आम्हाला एकमेकांवर सराव करायला लावला. तिल्डेचा बाप येप्पे माझ्या वाट्याला आला, त्याच्या बरगडीवर माझ्या तळव्याचा काळानिळा डाग उठला. मासळीच्या लिलावात शर्ट वर करून तो सगळ्यांना दाखवत फिरला होता.

आणखी एक रीत होती. आपलं पोर उडत असताना आपण काठावर उभं राहायचं नाही. खिडकीकडची बाजू येप्पेकडे आणि माझ्याकडे होती. त्याची तिल्डे उडेल तेव्हा मी उभी राहायची, माझी विगा उडेल तेव्हा तो.

नवशिक्यांची ती पहिलीच स्पर्धा. हॉलभर कॉफीचा आणि घामट मोज्यांचा वास. माझा नवरा रूने मासेमारीच्या बोटीवर, त्यामुळे विगाची वेणी मीच घातली होती आणि ती वाकडी झाली होती.

"पोरीकडे नीट बघ हं, सिग्ने," बाकाकडे जाताना येप्पे म्हणाला.

"बघते की. तू आपला केक खा."

तिल्डे मस्त उंच जात होती. मग एक पाय जाळीत वाकडा पडला आणि ती तिरकी सुटली ती सरळ माझ्या अंगावर, डोकं पुढे, तोंड उघडं. मी हाणलं. माझे तळवे तिच्या छातीत बसले तेव्हा ओली गोणी आपटावी तसा आवाज झाला. ती उलटी जाळीत पडली, तिचाच गुडघा तिच्या तोंडावर बसला आणि दात ओठातून आरपार गेले. जाळी अजून हलत होती. तिच्याबरोबर रक्ताचे थेंबही पुन्हा पुन्हा वर उडत होते.

"शाबास, सिग्ने!" बिर्टे ओरडली.

त्या शाबासकीनेच येप्पेचं डोकं फिरलं असावं. तो बाक ओलांडून आला.

"मारलंस? माझ्या पोरीला मारलंस?"

"येप्पे, अरे, ती खाली डोक्यावर—"

त्याची मूठ माझ्या नाकावर बसली. आत काहीतरी काडीसारखं मोडलं. दुसरा ठोसा कानावर. मी लोखंडी चौकटीवर आपटले, त्याने माझे केस धरून मला पुन्हा उभं केलं आणि तिसऱ्यांदा हात उगारला. तेवढ्यात काठावरचे दोघे बाप त्याच्यावर तुटून पडले. परीक्षकांचं टेबल उलटलं. तो लाथा झाडत होता, एकाच्या हाताला चावला.

"गाढवा, मान मोडली असती तिची!" बिर्टे त्याच्या पायांवर बसून किंचाळत होती. "तूच शिकलायस ना हे?"

"बाबा, नको ना!" तिल्डे लाल तोंडाने रडत होती.

त्याला ओढत बाहेर नेलं. बिर्टेने माझ्या नाकात कापूस कोंबला आणि जाळी पुसली. विगा शिडीपाशी उभी होती, पांढरीफटक.

"खिडकीकडे कोण उभं राहणार?" मी विचारलं.

"कोण उरलंय? ते दोघं त्याला धरून बाहेर बसलेत. त्यांच्या बाजूंना मी दोन आज्या उभ्या केल्यात. तू उभी राहा, नाहीतर विगाला घरी ने."

"आई, नाही म्हणू नकोस," विगा पुटपुटली. अख्खा हिवाळा ती पोर याच दिवसासाठी सोफ्याचे स्प्रिंग मोडत होती.

मी उभी राहिले.

सुरुवातीला ती छान उडली. नंतर माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे तिची नजर गेली, आणि जिकडे नजर तिकडे अंग. ती माझ्याकडे सुटली. माझे हात आपसूक उघडायला लागले, ती न्हाणीतून बाहेर आल्यावर टॉवेल घेऊन उघडतात तसे. तिनेही हात पसरले. मी झेलणार असंच तिला वाटलं होतं.

मी कोपरं ताठ केली आणि सगळं बळ लावून तिच्या छातीत हाणलं.

तिचं डोकं जाळीवर आदळलं. श्वास अडकला, ओठ निळसर पडले, डोळे माझ्यावरच. मग हवा आत गेली आणि अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, "आईने मला मारलं!"

या वेळी कोणीच शाबास म्हणालं नाही. मी तिला उचलायला वाकले तर तिने मोडक्या नाकावरच लाथ घातली. "हात लावू नकोस मला!" बिर्टेने तिला उचलून नेलं.

बाहेर गाड्यांपाशी येप्पे तिल्डेच्या ओठावर बर्फ धरून बसला होता. त्याने छाती धरून चाललेल्या विगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"स्वतःच्या पोरीलासुद्धा?"

"हो."

"सिग्ने, मी—"

"नाक मोडलंय माझं, येप्पे. आत्ता नको."

घरी विगाने अंघोळीला मला आत येऊ दिलं नाही. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. तिच्या छातीवर माझे दोन्ही तळवे उठले होते, बोटांसकट, जांभळे. तिने आपला चिमुकला हात त्यातल्या एकावर ठेवून बघितला.

"खूप दुखतंय?"

"हो. पुढच्या वेळी बाबाला उभं कर. तू फार जोरात मारतेस."

"बाबा तुला झेलेल."

"मग?"

"मग दोघं फरशीवर."

तिने विचार केला. टॉवेल माझ्याकडे फेकला आणि पाठ वळवून उभी राहिली. मी तिची पाठ पुसली, हळूच, आणि पुढून पुसायला वळवलं तेव्हा ती दचकली. पण दार तिने लावलं नाही.